पंडिता रमाबाई : अन्नछत्रापलीकडची सेवा

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन याच गावात उभे राहिले. संस्कृतच्या प्रकांड विदुषी आणि धर्मांतरामुळे वादाच्या भोवऱ्यात सापडलेल्या सुधारक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. मात्र निराधार स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे करण्याचा जो प्रयोग त्यांनी येथे केला, त्याची चर्चा त्या मानाने कमीच झाली.

दारिद्र्याची ओळख रमाबाईंना पोथीतून झाली नव्हती. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासमवेत तीर्थयात्रा करण्यात आणि पुराणे सांगण्यात गेले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने या कुटुंबाची वाताहत केली. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. उरलेली दोघे भावंडे पायी देशभर भटकली. १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविले. पुढे १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी यांचे निधन झाले. पदरी लहानगी मनोरमा होती.

पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना करून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांचे वास्तव्य होते. या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने बहिष्कृत केलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवीत. ज्यांना सारे जग पतित म्हणते, त्यांची सेवा कोणी आपुलकीने करू शकते, हे पाहून रमाबाई अंतर्मुख झाल्या. यामागची प्रेरणा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीच्या कथेत सापडली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

अमेरिकेतून मदत मिळवून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्यास हलविण्यात आले. धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या गोदूबाई याच सदनाच्या विद्यार्थिनी. येथे धर्माच्या बाबतीत तटस्थतेचे धोरण होते. तथापि, काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्याने वादळ उठले. १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, अनेक पालकांनी मुली परत नेल्या.

१८९६-९७ च्या दुष्काळात मात्र रमाबाईंच्या कार्याला निर्णायक वळण मिळाले. स्वतःचे भुकेले बालपण आठवून त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांना ठेवणे अशक्य होते. सदनाच्या उत्पन्नासाठी घेतलेली केडगावची जमीन तेव्हा कामी आली. १८९८ मध्ये तेथे मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली. १९०० च्या सुमारास आश्रितांची संख्या दीड हजारांच्या घरात गेली.

केवळ दोन वेळच्या जेवणावर रमाबाई थांबल्या नाहीत. शेती, गोपालन, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे स्त्रियांच्याच हाती सोपविण्यात आली. अंध स्त्रियांनाही शिक्षण मिळाले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उघडले गेले. फुलहॅममध्ये पाहिलेले काम केडगावच्या मातीत रुजले ते असे. दान घेणारी स्त्री स्वतः कमावती झाली पाहिजे, हा या साऱ्यामागचा विचार होता.

मुक्ती सदनात ख्रिस्ती उपासना उघडपणे होत असे आणि बहुसंख्य आश्रितांनी तो धर्म स्वीकारला. जिला दुसरा आसराच नाही, तिच्या धर्मांतराला स्वेच्छा म्हणावे काय, हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला आणि तो निराधार म्हणता येणार नाही. परंतु त्याच वेळी दुसरा प्रश्नही टाळता येत नाही. या मुली उपाशी भटकत असताना त्यांना आपले म्हणणारे घर किती जणांनी उघडले होते?

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२१ मध्ये मनोरमेचा मृत्यू झाला आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही जगाचा निरोप घेतला. त्यांच्या श्रद्धेविषयी मतभेद राहतील. मात्र गरिबाला अन्नाबरोबर मान आणि हाताला कामही द्यावे लागते, हा त्यांनी घालून दिलेला धडा कोणत्याही धर्माच्या सेवाभावी कार्यकर्त्याला मार्गदर्शक ठरावा असाच आहे.