सुलतान कलावून : एका आजारपणातून उभा राहिलेला दवाखाना

घरातल्या बुजुर्गाला हॉस्पिटलातून सोडतात, तेव्हाच खरी पंचाईत सुरू होते. ऑपरेशन, आयसीयू हे हॉस्पिटलचं काम. पण पुढं कूस बदलणं, वेळेवर औषध, पथ्याचं जेवण हे कुणी बघायचं? घरी येणारी नर्स, केअर सेंटर हे पर्याय आहेत, पण ते ज्याला परवडतात त्याला. हाच प्रश्न 700 वर्षांपूर्वी कैरोत एका सुलतानानं कागदावर सोडवला होता.

कलावून हा किपचाक तुर्क. गुलाम म्हणून विकला गेला, तोही 1000 दीनारांना. त्या काळी ही रक्कम एवढी मोठी होती की त्याच्या नावाला अल्फी, म्हणजे हजारवाला, हे बिरुद कायमचं चिकटलं. फौजेत चढत चढत तो 1279 मध्ये मिसरचा सुलतान झाला आणि 1281 मध्ये होम्सला त्यानं मंगोलांना हरवलं. लढायांचं एवढं पुरे.

आपल्याला महत्त्वाचं आहे ते त्याचं आजारपण. सुलतान होण्याआधी दमास्कसला त्याच्या पोटात भयंकर कळ उठली. नूरुद्दीन झंगीनं बांधलेल्या दवाखान्यातून आलेल्या औषधानं तो बरा झाला. मग तो दवाखाना स्वतः जाऊन पाहिला आणि मन्नत मानली की राज्य मिळालं तर असाच एक बांधीन. 1284 मध्ये काम सुरू झालं आणि दवाखाना, मदरसा, मकबरा असं सगळं साधारण वर्षभरात उभं राहिलं.

ही घाई लोकांना महागात पडली, हेही सांगायला हवं. जागेसाठी अय्यूबी घराण्यातल्या एका शहजादीला बदल्यात दुसरा महाल देऊन हलवलं. रस्त्यानं जाणाऱ्यांनाही पकडून कामाला जुंपलं. म्हणून काही आलिमांनी त्या मदरशात नमाज पढायला हरकत घेतली. नेक काम जुलमानं केलं तर काय, हा त्यांचा सवाल होता आणि आम्हाला तो रास्त वाटतो.

पण वक्फनाम्यातली कलमं वाचली की माणूस थक्क होतो. श्रीमंत-गरीब, गावचा-परका, मर्द-औरत, सगळ्यांना प्रवेश. ताप, डोळे, जखमा, जुलाब यांच्या रुग्णांची वेगवेगळी सोय, बायकांचा भाग निराळा, मानसिक रुग्णांनाही जागा. राहण्याला दिवसांची मर्यादा नाही. बरं होईपर्यंत राहा. उन्हाळ्यात वारा घालायला खजुराच्या पात्यांचे पंखे, जेवणाची भांडी झाकलेली. बरा होऊन जाणाऱ्याला कपडे. इंतकाल झाला तर गुसल-कफनाचा खर्च वक्फचा. आणि जो गरीब घरीच पडून आहे त्याला औषध, सरबत, पथ्याचं खाणं घरपोच! म्हणजे वॉर्ड, ओपीडी आणि होम केअर एकाच कागदात. पैसा यायचा कैरोतल्या दुकानांच्या, हमामांच्या आणि सरायांच्या भाड्यातून. आपल्याकडच्या वक्फच्या गाळ्यांचं भाडं कुठं जातं, हे मुतवल्लींना विचारायला हरकत नाही.

फुफ्फुसातून रक्त कसं फिरतं हे सांगणारे हकीम इब्न नफीस 1288 मध्ये वारले, तेव्हा आपलं घर आणि किताबं याच दवाखान्याला देऊन गेले.

1290 मध्ये अक्का शहराच्या मोहिमेला निघालेला कलावून कैरोबाहेरच्या छावणीतच वारला. त्याला त्याच इमारतीतल्या मकबऱ्यात दफन केलं. दवाखाना मात्र चालत राहिला. 1798 मध्ये फ्रेंच फौज आली तेव्हा त्याची पार दुरवस्था झाली होती, तरी थोडे रुग्ण होतेच. त्यांत ज्यांना घरात कुणी ठेवून घेत नव्हतं, असे मानसिक रुग्णही होते. 20 व्या शतकात त्याच आवारात डोळ्यांचा दवाखाना उभा राहिला.