जॉन टिंडल
जॉन टिंडल (२ ऑगस्ट, इ.स. १८२० - ४ डिसेंबर, इ.स. १८९३) हे आयरिश भौतिकशास्त्रज्ञ होते. हवेतील कोणते वायू उष्णता शोषतात, हे त्यांनी प्रयोगाने मोजून दाखवले.

त्यांचा जन्म आयर्लंडच्या कार्लो परगण्यात झाला. सुरुवातीला त्यांनी भूमापनाचे व रेल्वेमार्गांच्या मोजणीचे काम केले. पुढे जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठात शिकून इ.स. १८५३ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले. आल्प्समधील वाइसहॉर्न शिखर प्रथम सर करणारेही (इ.स. १८६१) तेच.

इ.स. १८५९ मध्ये त्यांनी वायूंवरील प्रयोग हाती घेतले. लांब पितळी नळीत एकेक वायू भरून ते आरपार जाणारी उष्णता मोजत. साधी काच अशी उष्णता अडवते, म्हणून नळीच्या टोकांना खनिज मिठाच्या चकत्या बसवल्या होत्या. हवेचा बहुतांश भाग असलेले नायट्रोजन व ऑक्सिजन उष्णतेला जवळजवळ अटकाव करीत नाहीत. अल्प प्रमाणातील बाष्प व कार्बन डायऑक्साइड मात्र ती शोषतात, असे आढळले. या वायूंचे प्रमाण बदलल्यास हवामान बदलू शकते, हे त्यांनी ओळखले होते.

अमेरिकेतील युनिस फूट यांनी इ.स. १८५६ मध्येच सूर्यप्रकाशात कार्बन डायऑक्साइड अधिक तापतो हे नोंदवले होते. तथापि पृथ्वीवरून परतणाऱ्या अदृश्य उष्णतेसारख्या प्रारणाचे शोषण मोजले ते टिंडल यांनी. श्रेय दोघांचेही मानणे योग्य ठरेल.

टिंडल यांना निद्रानाशाचा विकार होता. पत्नी लुइझा यांच्याकडून चुकून क्लोरल या औषधाची जादा मात्रा दिली गेल्याने त्यांचा मृत्यू झाला.