एलेना कोर्नारो : विद्या आणि भक्ती



फार शिकले की श्रद्धा उणावते, असे आपल्यातील काहींना वाटते. अशांनी एलेना कोर्नारो पिस्कोपिया यांचे जीवन जरूर पाहावे.

५ जून १६४६ रोजी व्हेनिसमधील एका उमराव घराण्यात त्यांचा जन्म झाला. एलेना सात वर्षांची असताना एका धर्मगुरूंनी तिची बुद्धी हेरली आणि लॅटिन व ग्रीक भाषांचे शिक्षण सुरू झाले. पुढे हिब्रू, स्पॅनिश, फ्रेंच, गणित, संगीत व तत्त्वज्ञान यांतही ती पारंगत झाली. लेकीच्या विद्वत्तेने घराण्याचे नाव व्हावे, ही वडिलांची इच्छा; तिचा ओढा मात्र प्रार्थनेकडे होता. लग्न नाकारून, घरी राहूनच तिने संत बेनेदिक्त यांच्या नियमानुसार जगण्याचे व्रत घेतले.

संत अंतोनींच्या पादुआ शहरातील विद्यापीठात एलेना यांना ईशज्ञानाची पदवी मिळावी, असा अर्ज करण्यात आला. तेथील बिशप कार्डिनल ग्रेगोरिओ बार्बारिगो यांनी तो नाकारला. कारण एकच, त्या स्त्री होत्या. शेवटी तत्त्वज्ञानाच्या पदवीस संमती मिळाली. २५ जून १६७८ रोजी, गर्दी मावेना म्हणून, परीक्षा पादुआच्या कॅथेड्रलमध्ये झाली. ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांतील उताऱ्यांवर त्यांनी लॅटिनमधून विवेचन केले. विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. २६ जुलै १६८४ रोजी, अवघ्या ३८व्या वर्षी, त्या प्रभूघरी गेल्या.

नकार देणारे बार्बारिगो १९६० साली संत म्हणून घोषित झाले. मग संताचे चुकले काय? आम्हांला वाटते, होय, या बाबतीत चुकले. पावित्र्य माणसाला देवाच्या जवळ नेते. पण त्याच्या काळाच्या समजुती पुसून टाकतेच असे नाही. एलेना यांनी मात्र त्या नकारापायी ना ख्रिस्तसभा सोडली, ना अभ्यास.

१९७० साली पोप सहावे पॉल यांनी आविलाच्या संत तेरेजा आणि सिएनाच्या संत कॅथरीन यांना ख्रिस्तसभेच्या आचार्य म्हणून गौरवले. आज स्त्रिया ईशज्ञान शिकतात आणि शिकवतातही.

तेव्हा पालकहो, घरातली मुलगी पुढे शिकायचे म्हणाली, तर नाही म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबू या. तिची बुद्धी हे देवाचे दान आहे. ते पुरून ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.