गव्हाकडून चिलटाकडे

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट परभणीकर विसरलेले नाहीत. काढणीला आलेला गहू, हरभरा शेतातच आडवा झाला. पीककर्जाच्या फायली चाळण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याला अशा वेळी आधी क्षेत्र आणि रक्कम दिसते. मला मात्र त्या दिवसांत डॉ. ओबेद सिद्दिकी आठवत राहिले. त्यांचाही गहू असाच गेला होता.

सिद्दिकींचा जन्म १९३२ चा, उत्तर प्रदेशातल्या बस्तीचा, शिक्षण अलिगढचे. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत ते गव्हाच्या आनुवंशिकतेवर काम करीत असता गारांनी प्रयोगाची रोपे झोपवली. शेतकऱ्याचा हंगाम जातो. संशोधकाची तर वंशावळच तुटते. ऐन पंचविशीत सगळा डाव पुन्हा मांडायचा होता. त्यांनी शेत सोडले आणि आभाळाचा हात पोचणार नाही असे पीक धरले, काचेच्या बशीत वाढणारी बुरशी. ग्लासगोला पाँटेकोर्व्हो यांच्या हाताखाली डॉक्टरेट झाली, अमेरिकेत जिवाणूंवर काम झाले आणि १९६२ साली होमी भाभांनी त्यांना मुंबईला बोलावले. भौतिकी आणि गणिताचे माहेरघर असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला.

एवढ्यावर कुणीही स्वस्थ बसला असता. हा माणूस चाळिशीत चिलटांच्या मागे लागला! पिकल्या केळ्यांभोवती घोटाळते ना, तेच चिलट. (पेरू-आंब्याला डंख करणारी फळमाशी निराळी.) जेमतेम तीन मिलीमीटरचा जीव, पण त्याला भूक आहे, वास आहे, आठवण आहे. दहाएक दिवसांत नवी पिढी तयार होते. म्हणजे एक जनुक बिघडवायचे आणि वागण्यात काय बिघडते ते पाहायचे.

अमेरिकेत सीमोर बेन्झर यांच्याबरोबर त्यांनी अशा माश्या अभ्यासल्या, की ऊब वाढली की लुळ्या पडत आणि गारवा मिळाला की पुन्हा उठत. त्यांच्या मज्जातंतूंत काय अडते, यावरचा दोघांचा निबंध १९७६ साली आला. पुढे त्यांतल्या एका वाणाचे सदोष जनुक मज्जापेशीत सोडियम सोडणाऱ्या दाराचे निघाले. तसलीच दारे आपल्या मेंदूत आहेत. त्यांतली काही बिघडली तर लेकरांना फेफरे येते. चिलटांवर सरकारी पैसा कशाला, असे विचारणाऱ्यांनी हे एकदा ऐकावे.

मुंबईत त्यांना वेरोनिका रॉड्रिग्ज ही जिद्दी विद्यार्थिनी मिळाली. केनियात जन्मलेल्या, डब्लिनला शिकलेल्या या बाईंनी गुरूंबरोबर वासाचा प्रश्न हाती घेतला. दोन फाटे फुटलेली काचेची नळी घ्यायची, एका फाट्यात वास ठेवायचा, दुसरा कोरा. माश्या कुठे वळतात ते मोजायचे. काही माश्यांना कडू बदामाचा वास नीट कळेना, पण फळासारखा वास बरोबर कळे. म्हणजे निरनिराळ्या वासांच्या वाटा निरनिराळ्या. हे १९७८ सालचे काम. नाकाची जनुके जगाला सापडली ती पुढे, १९९१ मध्ये.

नव्वदच्या दशकात सिद्दिकींनी बेंगळुरूला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे केले. संचालकपद सोडल्यावरही चिलटाला वास ध्यानात कसा राहतो, याच प्रश्नाशी ते बसत. २०१३ च्या जुलैत रस्त्यावरच्या अपघातात ते जखमी झाले आणि २६ तारखेला गेले. वय एक्याऐंशी. प्रयोगशाळा तोवर सुटली नव्हती.