बहिणीचे सासरे

गेल्या वर्षी बाप्तिस्म्याचा दाखला काढायला मी आमच्या चर्चच्या ऑफिसात गेले होते. जुनं रजिस्टर उघडलं, नाव सापडलं, पाच मिनिटांत काम झालं. पुढे मराठी मंडळासाठी डीट्रिख बॉनहोफर यांचं चरित्र वाचायला घेतलं, तेव्हा ते रजिस्टर पुन्हा डोळ्यांसमोर आलं.

१९३३ मध्ये हिटलरच्या सरकारनं ज्यूंना सरकारी नोकरीतून काढायचा कायदा केला. आजी-आजोबांपैकी एक जरी ज्यू निघाला, तरी माणूस ‘अनार्य’ ठरायचा. मग प्रत्येकाला पूर्वजांच्या बाप्तिस्म्याचे दाखले हवे झाले. ती रजिस्टरं चर्चकडे होती. पाद्री नकला काढून देत राहिले. कुणी कुणाला मारलं नाही, फक्त दाखला दिला.

बॉनहोफर तेव्हा २७ वर्षांचे होते. जन्म ४ फेब्रुवारी १९०६ चा, ब्रेस्लाऊ शहरातला. वडील नामांकित मानसोपचारतज्ज्ञ. एकविसाव्या वर्षी डीट्रिख यांनी धर्मशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. ज्यूंवर अन्याय होत असताना चर्चनं गप्प बसू नये, वेळ आली तर सरकारलाही अडवावं, असा लेख त्यांनी त्याच एप्रिलमध्ये लिहिला.

आणि त्याच महिन्यात त्यांच्या जुळ्या बहिणीचे, साबीनाचे, सासरे वारले. ते ज्यू होते, बाप्तिस्मा न झालेले. अंत्यविधीला प्रवचन कराल का, असं घरच्यांनी विचारलं. बॉनहोफर यांनी वरिष्ठांचा सल्ला घेतला. वरिष्ठ नको म्हणाले. आणि त्यांनी ऐकलं! काही महिन्यांनी बहिणीला आणि मेहुण्यांना पत्र लिहून त्यांनी माफी मागितली.

मला वाटतं, पुढचं सगळं आयुष्य या प्रसंगाच्या उजेडात वाचावं.

सप्टेंबर १९३३ मध्ये प्रशियातल्या चर्चच्या सभेनं हाच वंशाचा नियम आपल्या पाद्र्यांनाही लावला. बॉनहोफर विरोधात उभे राहिले. १९३४ मध्ये विरोधी गटानं बार्मेन इथं जाहीरनामा काढला. चर्चच्या स्वातंत्र्यावर तो ठाम होता, पण ज्यूंबद्दल त्यात अक्षर नव्हतं. त्याच काळात बॉनहोफर लंडनला होते. तिथून गांधीजींच्या आश्रमात यायचं त्यांच्या मनात होतं, गांधीजींनी बोलावलंही होतं. पण फिंकेनवाल्डे इथल्या पाद्री-प्रशिक्षणाची जबाबदारी आली आणि ते राहून गेलं. १९३७ मध्ये गेस्टापोनं ती शाळा बंद केली.

१९३९ मध्ये ते अमेरिकेत सुरक्षित होते. काही आठवड्यांतच परत फिरले. मेहुण्यांच्या ओळखीनं लष्करी गुप्तहेर खात्यात शिरले आणि हिटलरविरोधी कटात सामील झाले. याच खात्याच्या कागदपत्रांवर १९४२ मध्ये १४ जणांना, बहुतेक ज्यूंना, स्वित्झर्लंडला पोचवण्यात आलं. त्या कामात बॉनहोफर यांचाही हात होता. म्हणजे कागद इथेही होताच, पण या वेळी तो जीव वाचवायला वापरला.

५ एप्रिल १९४३ ला त्यांना अटक झाली. ९ एप्रिल १९४५ ला फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी दिली. वय ३९. महिन्याभरात जर्मनीनं शरणागती पत्करली.

ऑक्टोबर १९४५ मध्ये चर्चच्या पुढाऱ्यांनी श्टुटगार्टला दोष कबूल केला. ज्यूंचं नाव त्यातही नव्हतं.

कटात गेलेले बॉनहोफर आपल्याला लांबचे वाटतात, आपल्याच्यानं ते होणार नाही. पण ‘वरिष्ठांना विचारून सांगतो’ म्हणणारे बॉनहोफर? ते तर आपल्यापैकीच आहेत. फरक एवढाच, की ते तिथेच थांबले नाहीत.