राँटजेन आणि अवचित दिसलेली गोष्ट

८ नोव्हेंबर १८९५ ची संध्याकाळ. जर्मनीतील वुर्झबर्ग विद्यापीठात प्रा. विल्हेल्म राँटजेन अंधाऱ्या खोलीत निर्वात काचनळीतून वीज सोडत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली, तरीही बाजूचा रसायन लावलेला पडदा चमकू लागला. शोध वेगळ्याच गोष्टीचा चालला होता.

असे काही दिसलेले ते पहिले नव्हते. फिलाडेल्फियात गुडस्पीड यांच्या फोटोच्या काचेवर १८९० मध्येच नाण्यांच्या सावल्या उमटल्या होत्या. अर्थ लागला नाही, काच बाजूला पडली. राँटजेन यांनी पडद्याचा पिच्छा सोडला नाही. घाईने बोभाटाही केला नाही. कापडव्यापाऱ्याचा हा मुलगा मुळात हट्टी. शिक्षकाचे व्यंगचित्र काढणाऱ्या सोबत्याचे नाव सांगायला नकार दिला म्हणून उट्रेख्तच्या शाळेतून त्याला काढले होते. सात आठवडे त्यांनी लाकूड, पुस्तके, धातू आड धरून पडताळणी केली. २२ डिसेंबरला पत्नी बर्था यांच्या हाताचे चित्र घेतले, त्यात हाडे आणि अंगठी दिसली. मग २८ तारखेला निबंध सादर केला. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल त्यांना मिळाले.

ते हयात असतानाच, १९१३ मध्ये, बर्लिनचे शल्यविशारद अल्बर्ट सॉलोमन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे एक्स-रे काढले. त्यात त्यांना बारीक ठिपकेही दिसले. ते कॅल्शियमचे कण कर्करोगाची खूण असू शकतात, हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नाही.

आजचा सीटी स्कॅन याच किरणांवर चालतो. खोकल्यासाठी छातीचा सीटी काढला तरी फुप्फुसांबरोबर स्तनही चित्रात येतात आणि कधी तिथे गाठ दिसते. अहवालाच्या शेवटच्या ओळीत तिचा उल्लेख असतो. फुप्फुसे ठीक म्हटल्यावर ती ओळ कोण वाचतो? अशा बऱ्याच गाठी साध्या असतात, काही मात्र कर्करोगाच्या निघतात. कडा वेड्यावाकड्या असतील, त्वचा आत ओढली गेली असेल किंवा काखेतल्या गाठी वाढल्या असतील तर संशय बळावतो. पण निवाडा सीटीवर होत नाही. ते बारीक कण त्यात नीट दिसतच नाहीत. त्यासाठी मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुईने तुकडा काढून तपासणी लागते. पुरुषांनीही ही ओळ सोडू नये. जुने स्कॅन असतील तर सोबत न्यावेत, गाठ नवी की जुनी ते कळते.

हे किरण रुग्णालयांत इतक्या झपाट्याने पोचले, कारण राँटजेन यांनी पेटंट घेतले नाही. नोबेलची रक्कमही त्यांनी विद्यापीठाला दिली. महायुद्धानंतरच्या महागाईत त्यांची पुंजी आटली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिकमध्ये आतड्याच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.