सर्व पंथांचा आश्रयदाता

बिहारात गयेच्या उत्तरेस बराबर नावाच्या टेकड्या आहेत. त्यांच्या कठीण खडकात कोरलेल्या गुहांच्या भिंती आजही आरशासारख्या चकाकतात. यांपैकी काही गुहा मगधाचा सम्राट अशोक याने दान दिल्या. त्या दानाची कथा मोठी बोधप्रद आहे.

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू. राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी, इसवी सनापूर्वी २६१ च्या सुमारास, त्याने कलिंग देश जिंकला. त्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली व दीड लाख बंदी झाली, असे त्याने स्वतःच शिलालेखात नमूद केले आहे. या संहाराने त्याचे अंतःकरण पश्चात्तापाने पोळले आणि बुद्धाच्या उपदेशात त्याचे मन रमू लागले.

पूर्वीचे राजे मृगयेसाठी फिरत; अशोक धर्मयात्रा करू लागला. बुद्धाच्या जन्मस्थानी, लुंबिनीस, जाऊन त्याने शिलास्तंभ उभारला आणि त्या गावाचा करभार हलका केला. धर्मयात्रेविषयीच्या त्याच्या लेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथेही सापडला आहे.

एवढा निष्ठावंत उपासक इतर पंथांशी कसा वागला? आजीविक नावाच्या पंथाचे साधू सारे काही नियतीच्या अधीन मानीत. मनुष्याच्या प्रयत्नावर त्यांचा विश्वास नव्हता. बुद्धाची शिकवण याच्या अगदी उलट होती. तथापि राज्याभिषेकाच्या बाराव्या वर्षी अशोकाने बराबरच्या दोन गुहा याच आजीविकांना अर्पण केल्या. ब्राह्मण, जैन, बौद्ध व आजीविक या सर्वांची काळजी वाहण्यास त्याने अधिकारी नेमले. आपल्या पंथाच्या अभिमानाने जो दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाची हानी करतो, असे त्याने प्रजेस शिकविले. वाणीचा संयम त्याला दानाहूनही श्रेष्ठ वाटे.

पुढे कोणा असहिष्णू मनुष्याने बराबरच्या लेखांतील आजीविकांचे नाव छिन्नीने खोडून टाकण्याचा प्रयत्न केला. परंतु ती अक्षरे पुरती नाहीशी झाली नाहीत; अभ्यासकांनी ती पुन्हा वाचली. आजीविक पंथ आज उरला नाही, मौर्यांचे साम्राज्यही लयास गेले. पण भिन्न मताच्या साधूंना पावसापासून निवारा देणाऱ्या राजाचे औदार्य त्या खडकात अद्याप टिकून आहे.